एका नांगीची दोनशे सात चित्रं

तागुची यासुमासा कुठल्याही फोटोत शोधायचा असेल तर सरळ मधोमध बघावं. वर्गाच्या फोटोत दुसऱ्या रांगेत मध्ये, घरच्या फोटोत बेसबॉलवाला थोरला भाऊ आणि लाडावलेली धाकटी बहीण यांच्या मध्ये. मार्क मधले, उंची मधली. घरचं तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं दुकान, त्यामुळे पहाटे उठून सोयाबीन दळायचं आणि मग अंगाला तो दुधाळ वास घेऊन शाळेत यायचं. इतका बिनमहत्त्वाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि याच माणसाने मला एकदा भर वर्गात रडवलं. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

आमच्या शाळेत क्लब चालवायला तीन माणसं लागत. अ‍ॅनिमेशन क्लबात दोनच होती. तिसरी मी, आराकी. मला चित्रकलेतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण त्या खोलीत रॉकेलचा स्टोव्ह होता, आणि हिवाळ्यात आमच्या बंदरावरून येणारं वारं माणसाला कलेकडे वळवतं. मला कॅमेऱ्याचं बटण दाबायचं आणि फोटो कॉम्प्युटरवर जोडायचे, एवढं काम दिलं होतं.

क्लबची अध्यक्ष, लेखिका, दिग्दर्शक आणि हुकूमशहा इनुई सुमिका. प्रत्येक हालचालीचं पहिलं चित्र आणि शेवटचं चित्र ती काढायची आणि कागदाच्या कडेला लाल पेन्सिलीने लिहायची, ‘मध्ये तीन’ किंवा ‘मध्ये सात’. तेवढी मधली चित्रं काढायची ती तागुचीने. जन्मच त्यासाठी झाला होता त्याचा. इनुईची रेघ म्हणजे एक घाव दोन तुकडे. तागुचीची रेघ दार वाजवून, परवानगी घेऊन आत येणारी.

शेवटच्या वर्षी इनुईने तीन मिनिटांची प्रेमकथा लिहिली. नायक खेकडा, नायिका खेकडीण. आमच्या गावात खेकड्यांकडे लोक फक्त उकळत्या पातेल्याच्या बाजूने बघतात, त्यामुळे कल्पना नवी होती. अडचण अशी की खेकडे तिरके चालतात. एकमेकांकडे तोंड करून निघाले की दोघं भलतीकडेच पोचतात. शेवटी खेकडा वैतागून थांबतो, नांगी पुढे करतो, खेकडीण ती धरते, समाप्त. त्या शेवटच्या हालचालीला इनुईने लिहिलं होतं, ‘मध्ये पाच’. म्हणजे अर्ध्या सेकंदात विषय संपला.

आता खरी गोष्ट. तागुचीला इनुई आवडायची. हे मला माहीत होतं, क्लबच्या सरांना माहीत होतं, स्टोव्हलाही माहीत असणार. रोज तो डब्यातून तळलेला तोफू आणायचा आणि तिच्यापुढे ठेवून म्हणायचा, “आज थोडा जास्तीचा झाला होता.” दोन वर्षं रोज जास्तीचा होत होता. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, फक्त ताकाच्या जागी तोफू.

आणि आमच्याकडची रीत अशी की तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलं शाळेच्या महोत्सवानंतर क्लबातून निवृत्त होतात. अठराव्या वर्षी निवृत्ती! त्यानंतर प्रवेश परीक्षा, मग मार्चमध्ये निरोप. इनुई क्योतोला अ‍ॅनिमेशन शिकायला जाणार होती. तागुची सोयाबीनकडे. महोत्सव तीन नोव्हेंबरला होता.

सप्टेंबरात त्याने मला ती पाच चित्रं दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आराकीसान, मध्ये अजून एक घालूया का? नांगी जरा झटक्यात जातेय.” मी घातलं. मग रोज तीन-चार यायला लागली. इनुई संध्याकाळी शिकवणीला जायची आणि जोडणी तिने माझ्यावर सोडलेली, त्यामुळे तिला पत्ता नाही. ऑक्टोबरअखेर दोनशे सात झाली. सतरा सेकंद! मी पडद्यावर बघितलं. नांगी तांदळाच्या दाण्याएवढी सरके, थांबे, परत सरके.

“अरे, हा खेकडा आहे की नगरपालिकेतला अर्ज?” मी म्हटलं.

“पोचेल ना हळूहळू.”

“कधी पोचेल? मार्चमध्ये? सरळ जाऊन सांग तिला. गच्चीवर ने आणि सांग.”

“गच्चीला कुलूप असतं.”

हे खरं होतं. शाळेची गच्ची उघडी असते ती फक्त कार्टूनमध्ये.

“मग जिन्यात सांग! सायकल स्टँडवर सांग! तुझी अडचण काय आहे?”

त्याने पेन्सिल खाली ठेवली. “ती नांगी धरली की चित्रपट संपतो. चित्रपट संपला की क्लब संपतो. मग मी कुठल्या निमित्ताने येऊ इथे?”

मी त्याला हाणायला वही उचलली होती, ती तशीच खाली ठेवली.

मग त्याने विनंती केली. शेवटचं, नांगी धरल्याचं इनुईचं चित्र जोडू नकोस म्हणाला. ते त्याने स्वतःच्या दप्तरात ठेवलं होतं. मी हो म्हटलं, पण दयेपोटी नाही. इनुई भडकली की याला तोंड उघडावंच लागेल, असा माझा हिशेब होता. मला तेव्हा मी फार हुशार वाटायचे.

महोत्सवाच्या सकाळी वर्गाला काळे पडदे लावून आम्ही पहिला खेळ केला. तेवीस माणसं. पुढच्या बाकावर कोमोरी आजी, बंदरावर सुके मासे विकणारी, दर वर्षी फुकटच्या चहासाठी येणारी. खेकडे तिरके धावले, लोक हसले. मग नायक थांबला आणि नांगी निघाली. पाचव्या सेकंदाला लोक परत हसले. दहाव्या सेकंदाला गप्प झाले. पंधराव्याला कोमोरी आजी उभी राहून ओरडली, “धर की मेल्या! उकडून निघशील तोवर!”

केसाएवढं अंतर उरलं आणि पडदा काळा झाला.

“हे काय?” आजी म्हणाली. “संपलं? असं कुठे असतं का?”

इनुईने दिवा लावला. तिचा चेहरा बघून मी प्रोजेक्टरमागे गेले.

“शेवटचं चित्र कुठेय?”

तागुचीने दप्तरातून कागद काढला. एवढासाही चुरगळलेला नव्हता.

“मी पाच लिहिलं होतं. किती काढलीस?”

“दोनशे सात.”

“आण ती.”

तिने तो गठ्ठा घेतला आणि सगळ्यांसमोर अंगठ्याखालून फरफर सोडला. मग परत सोडला. मला वाटलं आता फाडणार. तिसऱ्यांदा तिने एकेक कागद बघितला.

“माझी खेकडीण दोनशे सात चित्रांत जागची हललीसुद्धा नाही?”

“तू हलवायला सांगितलं नव्हतंस.”

“मूर्ख!” ती म्हणाली, पण कोणाला, ते मला आजही नक्की सांगता येणार नाही. तिने बाक ओढलं, कोरा कागद घेतला आणि तिथेच बसून काढायला लागली. तेवीस माणसं चहा विसरून बघत होती. खेकडीण एक पाऊल तिरकी पुढे आली होती आणि तिची नांगी उचललेली होती. इनुईने कधी मधलं चित्र काढलं नव्हतं. रेघ चक्क थरथरलेली होती.

“आता तू बोल,” ती मान वर न करता म्हणाली. “तोंडाने.”

तागुची उभा राहिला. मी मनात म्हटलं, आवडतेस म्हण, दोन वर्षं तोफू वाहिलास, आता म्हणून टाक. त्याचे कान लाल झाले होते.

“जाऊ नकोस,” तो म्हणाला.

माझ्या हिशेबात हे नव्हतं. कोणाच्याच नव्हतं. कोमोरी आजीसुद्धा खाली बसली.

इनुईने पेन्सिल ठेवली. “जाणार,” ती म्हणाली. “आणि तू मला आवडतोस. दोन्ही खरं आहे.”

मी रडले. तेव्हाच, तिथेच, काळ्या पडद्याला नाक पुसत. तो रडला नाही. तो बराच वेळ उभा होता, आणि घाई कर असं कोणीही म्हटलं नाही.

“दुसरा खेळ एक वाजता आहे,” इनुई म्हणाली. “दोन चित्रं जोडायची आहेत.”

आम्ही तिघं क्लबच्या खोलीत गेलो. तिचं नवं चित्र मी कॅमेऱ्याखाली ठेवलं आणि बटण दाबलं. मग शेवटचं, नांगीत नांगी असलेलं, घ्यायला हात पुढे केला तर तागुचीने ते दिलं नाही.

“हे मी करतो,” तो म्हणाला.

त्याने कागद ठेवला, चारही कोपरे तळव्याने सपाट केले, इनुईकडे एकदा बघितलं आणि बटण दाबलं.