लेबल धुतलेली रेकॉर्ड

ब्रॉंक्समधल्या जुन्या डीजेंची खोड अल्व्हिन गेन्सलाही होती. नवी रेकॉर्ड हाती लागली की आधी बाथटबात भिजवायची आणि लेबल नखाने खरवडून टाकायचं. आपण वाजवतो तो तुकडा कुठून उचललाय, हे दुसऱ्या डीजेच्या बापालाही कळता कामा नये!

दिवसा बसच्या डेपोत ग्रीस चोळायचा आणि उरलेल्या वेळात जुन्या रेकॉर्डमधले तुकडे जोडून गाणी बनवायची, असं सोळा वर्षं चाललं. शेवटी एका कंपनीने त्याचं गाणं घेतलं. शुक्रवारी ते बाजारात येणार होतं. पण त्या वर्षी परवानगीवाचून तुकडे वापरणाऱ्यांवर खटले भरले जाऊ लागले होते. कंपनीने कागद पाठवला: कोणाचे तुकडे वापरलेत ते लिहा. गाण्याचा सगळा डोलारा एका बाईच्या चार सेकंदांच्या हंबरड्यावर उभा होता, आणि ती बाई कोण हे अल्व्हिनने स्वतःच धुऊन टाकलं होतं. त्याने 'काही नाही' असं लिहून सही ठोकली.

तेव्हापासून त्याची झोप उडाली. बेल वाजली की दार उघडायचा नाही. डेपोच्या फाटकाशी कोणी सुटाबुटातला दिसला की हा बसखाली शिरायचा. मंगळवारी धीर सुटला आणि तो रेकॉर्डवाल्या म्हाताऱ्या प्रेंटिसकडे गेला.

"वा रे शहाण्या! स्वतःच पाटी पुसलीस आणि आता पत्ता विचारत हिंडतोस?" प्रेंटिस खो खो हसला. मग त्याने अल्व्हिनने आणलेली कॅसेट लावली. "ही ओडेसा टॅली. तीन गल्ल्या सोडून राहते. जा, पाय धर तिचे."

ओडेसा स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत होती. अल्व्हिनने कॅसेट लावली. हंबरडा ऐकताच तिचे हात थांबले.

"मिस ओडेसा, तुमचं नाव छापीन, वाटा देईन," अल्व्हिन घाईघाईने म्हणाला. "फक्त हो म्हणा."

"त्या दिवशी सकाळी पोराला पुरून आले होते मी. स्टुडिओवाले तारीख बदलेनात. गाता गाता हे तोंडातून निघालं, आणि त्यांनी तसंच ठेवलं. लोक यावर नाचणार का रे?"

खोटं बोलावं असं त्याला फार वाटलं.

"हो," तो म्हणाला.

"कागदोपत्री त्या रेकॉर्डची मालक मी नाही, ती काढणारी कंपनी आहे. ती देईलही परवानगी. पण तू मला विचारलंस, म्हणून सांगते. नाही."

या 'नाही'पेक्षा कोर्टाची भीती परवडली, कोर्टात वकील तरी उभा करता आला असता. अल्व्हिनने भिंतीवरचा फोन उचलला. दोनदा चुकून तिसऱ्यांदा त्याचं गाणं घेतलेल्या कंपनीचा नंबर लागला.

"मी अल्व्हिन गेन्स," तो म्हणाला. "शुक्रवारचं गाणं थांबवा. तो कागद मी खोटा भरलाय."