नजातच्या घरचं लग्न आणि माझा तकशिता

सांगते, पण एक अट आहे. हसायचं नाही! कोणी दात काढलेत तर चहाचा कप इथेच ठेवून उठून जाईन मी. माझं डोकं अजून थंड झालेलं नाही.

तर इथे आखातात, अल मजाजला आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये नजात राहते. मोरोक्कोची. तिच्या मुलीचं लग्न ठरलं. मला आमंत्रण, आणि सांगलीहून आमच्याकडे आलेल्या वन्संनाही. मला म्हणाली, "साडी नो! यू माय सिस्टर, यू वेअर तकशिता!" तकशिता म्हणजे त्यांच्याकडे लग्नाकार्यात बायका घालतात तो पायघोळ झगा. तिचाच एक पाठवते म्हणाली.

आता आमच्या वन्संना तुम्ही ओळखत नाही. माझं लग्न झाल्यापासून माझ्या एका तरी साडीला त्यांनी चांगलं म्हटलं असेल तर शपथ! "रंग बरा आहे गं, पण तुला खुलत नाही." आणि हे सगळं सांगलीला सासूबाईंकडे पोचतं, तिखटमीठ लावून. म्हणून मी ठरवलंच होतं, या लग्नात अशी दिसेन की वन्संची बोलती बंद!

नजातकडून पिशवी आली. आत दोन झगे आणि एक कमरपट्टा. एक झगा साधा, झुळझुळीत साटीनचा, अंगभर. दुसरा पातळ, त्यावर जरीकाम, गळ्यापासून बटणंच बटणं, आणि कमरेखाली पुढून सगळा उघडा.

वन्सं म्हणाल्या, "अगं शुभा, ती एकच पाठवणार होती ना? आणि पट्टाही एकच आहे. विचारून येऊ का?"

"काही नको विचारायला! दोघींना बोलावलंय, दोन पाठवलेत. दुसरा पट्टा विसरली असेल, लग्नघर आहे ते!"

आणि साटीनचा मी उचलला. खानदानी माणसं भपका करत नाहीत! तो चकचकाट वन्संना दिला. त्यांनी बिचाऱ्यांनी आपल्या पंजाबी ड्रेसवरून चढवला. पट्टा मात्र मी घेतला. का नाही घेणार?

हॉलमध्ये शिरलो आणि माझं टाळकंच सटकलं. सगळ्या बायका वन्संभोवती! "माशाल्ला, माशाल्ला!" कोणी बाही बघतंय, कोणी फोटो काढतंय. आणि माझ्याकडे? बघायच्या आणि पटकन मान फिरवायच्या. एक म्हातारी आली, तिने माझ्या खांद्यावर शाल टाकली. म्हटलं, एसी जोरात आहे, माया असेल. काढून परत दिली. तिने पुन्हा टाकली. मी पुन्हा काढली. तिने पुन्हा टाकली! आता मात्र मी ओरडलेच, "आजी, नो कोल्ड! खलास!"

तेवढ्यात नजात धावत आली. माझा झगा चिमटीत धरून म्हणते, "हबीबती, धिस इनसाइड! इनसाइड!"

मला वाटलं, आत बोलावतेय. नवरीच्या खोलीत! मानाने! वन्संकडे एक कटाक्ष टाकला आणि हॉलच्या मधोमध चालत गेले, अगदी ताठ मानेने. आत नवरीला सजवणाऱ्या बायांनी मला बघून गलका केला आणि धाडकन दार लावलं. मी आपली नवरीशेजारी फोटोला उभी!

मागोमाग नजात वन्संना घेऊन आत आली. तिने वन्संच्या अंगावरचा झगा उतरवला, माझ्या साटीनवर चढवला, सगळी बटणं लावली आणि वरून पट्टा आवळला.

"वन ड्रेस, हबीबती! टू पीस!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तकशिता दोन थरांचा असतो हो! वरचा तो खरा झगा. आतला म्हणजे आपला परकर! म्हणजे भरल्या लग्नात, कमरेला पट्टा बांधून, मी परकरावर मिरवत होते!

रडू नाही आलं, संताप आला. नजातचा आला, शिंप्याचा आला, त्या मेल्या साटीनचा आला! आणि सगळ्यात जास्त वन्संचा, कारण त्या हसल्याच नाहीत. उलट माझा हात धरून म्हणाल्या, "शुभा, आईला यातलं एक अक्षर कळणार नाही. देवाशपथ!"

मी विश्वास ठेवला? छे! वन्संच्या पोटात काही राहिलंय कधी?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना एअरपोर्टला सोडलं. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. स्पीकरवर, मागे सगळं घर कलकलतंय. पहिलाच प्रश्न, "काय गं शुभा, लग्नात काय घातलं होतंस?"

बघा! पोचली बातमी! माझा तोल सुटला.

"हो, परकर घातला होता! परकरावर गेले मी लग्नाला! सगळ्या हॉलने बघितलं! वन्संनी सांगितलंच ना सगळं? मग मला पुन्हा कशाला विचारता?"

पलीकडे कोणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला. मग सासूबाई हळूच म्हणाल्या, "अगं, ती अजून विमानात आहे. कुठला परकर गं?"