अकरा ते चार

बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत उन्हाला मनापासून घाबरणारा एकच माणूस होता, आणि तो नेमका माझा मामेसासरा होता. बाकी आम्ही मे महिन्यात नुसते कुरकुरायचो. मामा फेब्रुवारीतच तयारीला लागायचे. त्यांचं आयुष्य जांभूळ गावच्या जलशुद्धीकरण केंद्रात पंप चालवण्यात गेलं. तिथे रोजचं तापमान लिहायची लागलेली सवय निवृत्तीनंतर त्यांच्याबरोबर घरी आली. दोन खोल्यांत तीन थर्मामीटर टांगलेले. एक गॅलरीत, एक स्वयंपाकघरात आणि तिसऱ्याच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळलेलं. ते फडकं दरवेळी मामींच्या धडधाकट साडीचंच निघायचं, त्यामुळे त्या थर्मामीटरशी मामींचं उघड वैर होतं. मामांचा भरवसा मात्र त्याच्यावरच, कारण हवेत घाम वाळेल की नाही ते तोच सांगायचा. "आकडा मोठा म्हणून घाबरायचं नाही, जावईबापू. घाम वाळेनासा झाला की घाबरायचं," असं ते मला शिकवायचे.

रोज सकाळी सातच्या आत सगळ्या नातेवाइकांना त्यांचा फोन जायचा. अकरा ते चार बाहेर पडू नका, तहान नसली तरी पाणी प्या, म्हाताऱ्या शेजाऱ्यांचं दार वाजवा. अंबरनाथला दुसऱ्या एका भाचीच्या लग्नात तर ते हॉलच्या दारातच मीठ-साखरेच्या लिंबूपाण्याचं पिंप घेऊन उभे राहिले आणि ग्लास रिकामा केल्याशिवाय कोणाला आत सोडेनात. नवरदेवाचा कोटही त्यांनी उतरवून घेतला. वरपक्ष रुसला, पण फोटोत नवरदेव एकटाच कोरडा दिसतो.

गेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटी मामांनी सोमवारीच फोन केला. पुढचे तीन दिवस वाईट आहेत, हवेत दमटपणा आहे, रात्रीही पारा उतरत नाहीये. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये माझा जीन्स शिवायचा कारखाना आहे. वर पत्रा, खाली बारा माणसं. पत्र्याला चुना लावा, पहाटे काम सुरू करा, दुपारी सुट्टी द्या, असं त्यांचं सांगणं. ऑर्डर अडली होती. "बघतो मामा," म्हणालो. मंगळवारी तेच म्हणालो. बुधवारी त्यांचं नाव पडद्यावर दिसलं, तेव्हा फोन उलटा ठेवून दिला.

दुपारी एकच्या सुमारास शिलाईवाला धावत आला. "शेठ, मास्तर कुछ भी बोल रहा है." आमचा कटिंग मास्तर टेबलाला धरून उभा होता आणि गावच्या बहिणीला हाका मारत होता. अंग भट्टीसारखं, घामाचा टिपूस नाही. मी पोचेपर्यंत तो खाली कोसळला. मी पाण्याचा ग्लास त्याच्या तोंडाला लावत होतो, तेवढ्यात कोणीतरी माझा हात धरला.

मामा होते. मी फोन उचलला नाही म्हणून बदलापूरहून निघाले होते, शेअर रिक्षा मिळेना म्हणून शेवटचा टप्पा चालत आले होते. शुद्ध नसताना पाणी पाजू नका, ठसक्याने जाईल, म्हणाले. त्यांनी मास्तरचा शर्ट काढायला लावला, अंगावर बादल्या ओतवल्या, समोरच्या सरबतवाल्याकडून बर्फ आणून काखेत, मानेला, जांघेत ठेवला. पंखा लावून धरला. मग आम्ही त्याला इस्पितळात नेलं.

तिथल्या बाकावर बसल्यावर मामांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "बाकीचे कुठे आहेत?"

बाकीचे अकरा जण त्याच पत्र्याखाली मशीन चालवत होते. मी बाहेर जाऊन फोन केला आणि कारखाना बंद करायला लावला. परत आलो तर मामा भिंतीला टेकलेले, ओठ पांढरे पडलेले. संध्याकाळी त्यांनाही दाखल करावं लागलं.

मास्तर वाचला. कात्री धरताना हात थरथरतो, म्हणून आता शिवलेला माल तपासायला बसतो. मामा घरी आले, पण त्यानंतर जिना उतरले नाहीत. पत्र्याला मी चुना लावला, कामाची वेळ बदलली, हे त्यांना कळलं होतं. माफी मागायची तेवढी राहिली होती.

त्यासाठी दोनदा जाऊन इकडचं तिकडचं बोलून परतलो. तिसऱ्यांदा धीर करून म्हणालो, "मामा, त्या दिवशी तुमचा फोन मी..."

त्यांनी हात वर केला. "जेवलात का?"

मामींनी ताट वाढलं. मामा खुर्ची ओढून जवळ बसले आणि भात संपेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. उरलेलं पुढच्या खेपेला बोलू, असं ठरवून मी निघालो. दसरा झाला आणि आठवडाभरात मामा गेले.