त्याचा ‘पास’

गिरणीत कापड तपासणाऱ्या त्या तेलुगू विणकराला इंग्रजी शब्द एकच येई, ‘पास’. चांगल्या ठाणाला तो पास म्हणे, वाटेतल्या हमालाला सरकवताना पास म्हणे, सुट्टीचा भोंगा झाला तरी पासच. आणि सगळ्यांना बरोबर कळे! मी मॅट्रिक झालेला कारकून. डिक्शनरीतले त्या शब्दाचे सतरा अर्थ मला पाठ, पण विचारतो कोण?

एकदा साहेबाने मलाच विचारलं, हे ठाण कसं आहे? मी भारदस्त इंग्रजी शब्द जुळवतोय तोवर याने कापडावरून तळवा फिरवला. ‘‘पास नाही.’’ साहेबाने ठाण परत पाठवलं.

माझा नुसता जळफळाट झाला. वर हा भोळेपणाने विचारतो, ‘‘भाऊसाहेब, तुमी मॅट्रिक पास की. त्यातला पास कंचा?’’

सतरांतला एकही मला सांगता आला नाही.