मानाचं सोनं

दसऱ्याच्या उतरत्या उन्हात शहागंजातल्या विकून उरलेल्या, पायदळी आलेल्या झेंडूंचा उग्र, कडवट वास अंगाला चिकटत राही. पोलीस ॲक्शननंतरच्या अशाच एका दसऱ्याला, खिशात आपट्याची पानं घेऊन, मी त्या वासातून औरंगपुऱ्याकडे निघालो होतो. सोनं द्यायचं हे निमित्त. मला सूड घ्यायचा होता.

आमच्या गावच्या देशमुखकाकांचा. निजामी अंमलाच्या अखेरीस चळवळीतला माझा थोरला भाऊ कडब्याच्या गंजीत दडला होता. काकांनी स्वतः त्याला बाहेर काढलं, पाठीवर हात ठेवून ठाण्यात नेलं. तिथला अमीन, म्हणजे फौजदार, आपल्या बैठकीतला, चार प्रश्न विचारून पोराला संध्याकाळी परत पाठवील, असा शब्द त्यांनी आईला दिला. दादा परत आला नाही.

कॉलेजात सर ग्रीक शोकांतिका शिकवत. तिचा नायक दुष्ट नसतो, देवमाणूसही नसतो, ते सांगत. तो उंचावर असतो, ज्या गुणाने उंच झाला त्याच्याच भरात एक चूक करून कोसळतो, आणि कोसळल्यावर ती चूक त्याची त्यालाच दिसते. पाहणाऱ्याला तिथे करुणा वाटते, भीती वाटते. मी मागच्या बाकावर दात आवळून ऐकत असे. मोठेपण, शब्दाचा दरारा, चूक, सारं काकांना चपखल बसे आणि माझा संताप होई. मला नायक नको होता. त्याचा धड द्वेषही करता येत नाही. आशा एवढीच होती, की आपली चूक या माणसाने कधी कबूल केली नव्हती.

गावात दसऱ्याचं पहिलं सोनं काकांच्या हातावर पडे, तो त्यांचा मान. गाव सोडून ते शहरातल्या भाड्याच्या खोलीत आले, तेव्हापासून त्यांच्याकडे कुणी फिरकत नसे. तो मान मी देणार होतो, आणि पानं तळहातावर टेकताच म्हणणार होतो, ‘हे दादाच्या वाटचं.’

काका उंबऱ्याशीच बसले होते. मी वाकलो तसे त्यांनी पाय ओढून घेतले, हात पाठीमागे नेले.

“नको लेकरा. म्या सोनं घेत नाय आता. माझा शब्द कोण मोडतंय, ह्याची लई घमेंड होती मला. तुझ्या दादाला अमीनानं नाय नेलं. म्या नेलं.”

पानं मुठीत आवळून मी उठलो आणि चालू लागलो. करुणा वाटली नाही, रागच आला. आधी दादा नेला, आता माझा सूडही या माणसाने हिरावून घेतला. परत येईपर्यंत मुठीतल्या पानांचा चुरा झाला होता.

आई आमच्या शहरातल्या बिऱ्हाडाच्या दारात उभी होती; कुणाला सोनं द्यायला चाललोय, ते मी तिला सांगून निघालो होतो. काकांचं नाव तिने इतक्या वर्षांत घेतलं नव्हतं.

“काय म्हणाले ते?” तिने विचारलं.

सांगितलं तर तिला त्यांची कीव येणार होती, आणि ती त्यांना मिळावी असं मला मुळीच वाटत नव्हतं. पण ती माझ्या तोंडाकडे अशी पाहत होती, की आजवर ती ‘म्या नेलं’ या एकाच वाक्यासाठी थांबली होती हे मला कळलं. सर म्हणत ती भीती मला तेव्हा, आमच्याच दारात वाटली; आपल्याच भरात चूक करायची पाळी आता माझी होती.