कुत्र्यांची जात पाहणारा

कुत्रे दिसले की तो आधी उकिडवा बसायचा. डाव्या हाताने त्याचे नाक धरायचा आणि उजव्या हाताचा अंगठा ओठाखाली सारून दात पाहायचा. कुत्रे कितीही द्वाड असो, त्याच्या हाताखाली गप्प उभे राहायचे. पाहून झाले की तो अंगठा धोतराला एकदा पुसायचा, त्याच अंगठ्याने तळहातावर तंबाखू मळायचा आणि अर्धी चिमूट माझ्यापुढे धरायचा.

"घ्या, भाऊसाहेब."

मी कधी घेतली नाही. किळस म्हणजे एवढीच असते, असे तेव्हा मला वाटायचे.

घाटावरच्या एका तालुक्याच्या गावात मी म्युनिसिपल कमिटीत कारकून होतो. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेले होते. हुकूम नागपूरहून सुटायचे, बुलढाण्याला मुक्काम करायचे आणि शिळे होऊन आमच्यापर्यंत पोचायचे. तो ढोरांच्या दवाखान्यात ड्रेसर होता, जखमा धुणारा आणि पट्ट्या बांधणारा. आता निवृत्त झाला होता. गावात त्याला सगळे डॉक्टर म्हणत आणि तो ते खोडून काढत नसे. बायको वारली होती, मुलगी सासरी. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, नेमणूक नसताना रोज वेळेवर येऊन ओसरीवर बसणारा. वयाने तो माझ्या वडिलांएवढा होता. तरी त्याच्याबद्दल 'ते' असे लिहायला माझा हात उचलत नाही. वाचणाऱ्यांनी माफ करावे.

तरुणपणी त्याने बुलढाण्यात एका गोऱ्या साहेबाची अकरा कुत्री सांभाळली होती. त्याची सगळी विद्या तिथली. दुपारी कचेरीत काम नसले की मी त्याला बोलते करायचो, आणि कबूल करतो, ऐकताना मजा यायची.

"जात म्हंजे काय, भाऊसाहेब? जात म्हंजे काम," तो सुरुवात करायचा. "ग्रेहाउंड घ्या. नाक पाह्यलं त कायी कामाचं नाई. पण डोया असा, का अर्ध्या कोसावरचा ससा दिसते. हे नजरेचं खातं. फॉक्सहाउंड नाकाचं खातं. ते मान खाली घालून वासावर चालते, डोये बांधून सोडा, तरी पोचते. टेरिअर बिळातलं. म्हून त्याले पाय आखूड आन् राग जास्त."

"आणि स्पॅनियल?"

"बंदुकीचं खातं. साहेबानं बदक पाडलं का पाण्यातून उचलून आणते, पण दात लागू देत नाई. तोंड कसं रेशमावानी. मंग राखणीचं खातं, मेंढराचं खातं, आन् एक मेमसाहेबाच्या मांडीवरचं. त्याले बी काम हाये. मांडी गरम ठेवणं."

"आपली गावची कुत्री कोणत्या खात्यात?"

"लेंडी. त्याले खातं नाई."

इतकी खाती झाली कशी, असे मी एकदा विचारले. तो म्हणाला, "लोकायनं जे काम पाह्यजे त्याचे पिल्लं ठेवले." "आणि बाकीची?" त्याने हाताने माशी हाकलल्यासारखे केले आणि तंबाखूची डबी उघडली.

कुत्र्यांवर त्याचा जीव होता, हे मात्र सांगायला हवे. रस्त्यावरच्या लेंडी कुत्र्याच्या कानातल्या गोचिडी तो तासन्‌तास काढत बसायचा आणि त्याच्याशी हळू आवाजात बोलायचा. तसे तो कुठल्याच माणसाशी बोलत नसे. मला हे आठवते तेव्हा पुढचे सगळे जास्तच घाण वाटते.

उन्हाळ्याच्या तोंडी एका पिसाळलेल्या कुत्र्याने बाजारात धुमाकूळ घातला. बऱ्याच जणांचा चावा घेतला. त्यातली एका विणकराची तरणी सून महिन्याभराने पाण्याला भिऊन मेली. गाव हादरले. कमिटीने ठराव केला, की ज्या कुत्र्याला मालक आहे आणि जात आहे, त्याच्या गळ्यात पितळी बिल्ला घालावा. बाकीच्यांना विष. जात कोण ठरवणार, असे एका सभासदाने विचारले, आणि सगळ्यांच्या माना ओसरीकडे वळल्या.

मी वहीत रकाने आखले. मालक, रंग, जात, बिल्ल्याचा नंबर.

पहिले कुत्रे अध्यक्षांचे आले. त्यांचा गडी ते दोरीला धरून ओढत होता. खरजेने पाठ उघडी पडलेली, एक कान कुरतडलेला, शेपटीवर माश्या. डॉक्टरने ओठ उचलला, दात पाहिले आणि मला म्हणाला, "लिहा, टेरिअर. मिश्र."

मी मान वर केली. "डॉक्टर, हे टेरिअर?"

तो माझ्या कानाशी वाकला. "कुत्र्याची जात मालकाच्या ओसरीवर पाहा, भाऊसाहेब. ओसरी दगडाची असन, त टेरिअर."

मी हसलो. हसत हसतच 'टेरिअर, मिश्र' लिहिले. पुढे दोन दिवस आमचा हाच खेळ चालला. सावकाराचे ते स्पॅनियल, वकिलांचे ते हाउंड, जिनिंगवाल्या शेटजींचे मांडीवरचे, जरी ते कुठल्या मांडीवर मावणारे नव्हते. विलायतेत नसतील इतके टेरिअर आमच्या गावात निघाले. ज्यांच्या घराला नुसता कूड होता, ते आपले कुत्रे आणायचे, डॉक्टर दात पाहायचा, आणि ते कुत्रे बिल्ल्याशिवाय परत घेऊन जायचे.

तिसऱ्या दिवशी सुलतानपूरकडचा एक धनगर आला. गावाला लागून असलेल्या एका वावरात त्याची मेंढरे खतासाठी बसवली होती, आणखी आठ दिवसांची बोली होती. त्याचा कुत्रा करडा आणि उंच होता. छाती खोल, पोट वर चढलेले, गळ्यात लांडग्याने नरडे धरू नये म्हणून खिळ्यांचा पट्टा. तो ओसरीच्या पायरीशी येऊन उभा राहिला. भुंकला नाही, हलला नाही. आमचे दोनचार टेरिअर मालकांच्या पायांत शिरले.

डॉक्टर उकिडवा बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. दात पाहिले, फऱ्यावरून हात फिरवला, मागच्या पायाचा सांधा चाचपला. मी त्याचा चेहरा पाहत होतो. तो उजळला होता. मग त्याने धनगराकडे पाहिले.

"कुठी राह्यतं बे तू?"

"मेंढराजवळ."

"घर?"

"मेंढरं हेच घर हाये, मालक."

डॉक्टर गुडघ्यांवर हात टेकून उठला. "लिहा, लेंडी."

धनगर म्हणाला, "मालक, यानं दोन लांडगे मारलेत."

"मारले असन. बिल्ला भेटणार नाई. बांधून ठेव चार दिवस."

"बांधल्यावर मेंढरं कोण राखन?"

मी वहीत 'लेंडी' लिहिले. माझे अक्षर चांगले आहे असे सगळे म्हणत. ते त्या दिवशीही चांगलेच आले.

विष घातले ते शुक्रवारी, दिवस मावळताना. मटणाचे तुकडे, आत कुचल्याची गोळी. तुकडे डॉक्टरने स्वतःच्या हाताने केले, कारण कोणत्या कुत्र्याला केवढे लागते हे त्यालाच ठाऊक होते. सकाळी मी कचेरीला निघालो तेव्हा ती जागोजाग पडलेली होती. पाय काठीसारखे ताठ, मान पाठीकडे वळलेली, तोंडाशी वाळलेला फेस, जीभ दातांत चिरडलेली. काही अजून मेली नव्हती, त्यांच्यावरून सावली गेली तरी झटके यायचे. कमिटीच्या कचऱ्याच्या गाडीत त्यांना टाकत होते आणि गाडीवाला नाकाला फडके बांधून एकसारखा थुंकत होता. दोन दिवस माझ्या जेवणाला तो वास होता.

त्या सकाळी धनगर आला. कुत्रा खांद्यावर होता, वासरू आणावे तसा. त्याने तो ओसरीवर डॉक्टरच्या पुढ्यात ठेवला.

"मालक, आता सांगा. कोणत्या जातीचा होता?"

डॉक्टर उकिडवा बसला. सवयीने अंगठा ओठाखाली गेला. आणि मग तो बोलू लागला, दुपारी मला सांगायचा त्याच आवाजात.

"नजरेच्या खात्यातलं रगत हाये, मेंढरावर वाढवलेलं. छाती पाहा, खोल केवढी. दम लागणार नाई. पाय पाहा, मांजरीवानी मिटलेले. चार वर्सांचा असन, एक दात झिजला नाई. साहेबाच्या अकरा कुत्र्यायत असा एक नव्हता."

"हे परवा ठाऊक होतं तुमाला?"

"हाव."

"मग काऊन नाही लिहिलं?"

"तुले ओसरी कुठी होती?" डॉक्टर म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. औषध किती वेळा घ्यायचे ते सांगावे, तसे सांगितले.

धनगर ओरडला असता, शिव्या दिल्या असत्या, तर बरे झाले असते. तो खाली बसला, मेलेल्या कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा सोडला आणि कमरेला बांधला. मग माझ्याकडे वळला.

"तुमी लिहिलं का, दादा?"

"हो," मी म्हणालो.

"बरं."

कुत्रा परत खांद्यावर घेऊन तो गेला. मी वही कपाटात ठेवायला आत गेलो. परत आलो तेव्हा डॉक्टर जागचा हलला नव्हता. मी त्याला म्हणालो, "तुम्ही माणूस आहात की कोण? सगळं कळत होतं तुम्हाला."

तो शांतपणे म्हणाला, "कळत त तुम्हाले बी होतं, भाऊसाहेब. टेरिअर कसा असते, तुम्हाले मीच सांगतलं होतं."

त्यानंतर मी त्याच्याशी बोललो नाही. बाहेरून कळले, की दोन रात्रींत लांडग्याने धनगराची सहा मेंढरे नेली आणि बोली अर्धी टाकून तो निघून गेला.

कमिटीने डॉक्टरच्या आभाराचा ठराव केला. मसुदा मीच लिहिला. आणि मग एक गोष्ट झाली, जिची मला त्याच्याहूनही जास्त किळस येते. ज्यांच्या खरजुल्या कुत्र्यांना त्याने टेरिअर केले होते, त्यांनाच त्याची घाण वाटू लागली. शेटजींनी त्याला वाड्यात यायला मना केले. हॉटेलात त्याचा कप वेगळा ठेवू लागले. एका दुपारी अध्यक्षांनी मला आत बोलावून सांगितले, "त्या कुत्रेमाऱ्याला ओसरीवर बसू देऊ नका. बरं दिसत नाही." मी बाहेर येऊन त्याला तसे सांगितले. इतक्या दिवसांत त्याच्याशी बोललेले माझे पहिले वाक्य ते. तो "हाव" म्हणाला, आणि पायरी उतरून गेला.

पावसाळ्याआधी तो वरवट बकालला मुलीकडे कायमचा जायला निघाला. मी त्या दिवशी टपालासाठी मोटरच्या अड्ड्यावर होतो. तो दिसला तसा मी कडुलिंबाच्या मागे सरलो. त्याच्याजवळ एक पेटी आणि गोधडीची वळकटी होती. पोचवायला कोणी आलेले नव्हते. त्याने पेटी स्वतःच टपावर चढवली, दोनदा हातातून निसटली, आणि मी झाडामागेच उभा राहिलो.

मोटर निघाली. मोटर निघाली की कुठल्याही गावची कुत्री भुंकत तिच्यामागे लागतात, वेशीपर्यंत तिला पोचवून, जीभ काढून परत येतात. आमच्याकडची बिल्लेवाली घरोघर साखळीला बांधलेली होती. त्याने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि मागच्या रस्त्याकडे पाहिले. वळण येईपर्यंत तो तसाच पाहत होता. रस्त्यावर नुसती धूळ होती.