चित्रकादंबऱ्या कोणी निवडल्या

विद्यापीठात डिझाइनचा विभाग सुरू झाला आणि पहिल्याच बैठकीत विभागप्रमुखांनी सांगितलं, की ग्रंथालयात ग्राफिक नॉव्हेलचा, म्हणजे चित्रांतून सांगितलेल्या कादंबऱ्यांचा, वेगळा संग्रह हवा. मी तिथली ग्रंथपाल. मान डोलावली आणि वहीत लिहून घेतलं. खरं म्हणजे असं एकही पुस्तक मी तोवर धड वाचलेलं नव्हतं. मुलांची कॉमिक्सच, फक्त जाड पुठ्ठ्यातली, अशी माझी समजूत होती.

प्रमुख माझ्याहून वयाने लहान होते, पण कामाला चोख. नावाजलेल्या पुस्तकांच्या याद्या इंटरनेटवर कुणालाही सापडतात, म्हणाले. "मला कुणीतरी बसून, बघून निवडलेली पुस्तकं हवीत, मॅडम." हे वाक्य मी दडपणासारखं घरी घेऊन गेले.

विक्रेत्यांनी पाहायला म्हणून सहा खोकी पाठवली. पसंत पडतील ती ठेवायची, बाकीची परत. आमचं विद्यापीठ कान्ह्याच्या बाजूला, डोंगराला टेकून. पावसाळ्याचे चार महिने तिथे पुस्तकांना बुरा येतो. त्यामुळे आलेलं प्रत्येक पुस्तक कोरड्या फडक्याने पुसायचं, पानं मोकळी करून पुस्तक पंख्याखाली ठेवायचं, हे काम ठरलेलं. ते मावशी करायच्या.

मावशी कार्ल्याच्या. ठेकेदाराकडून आलेल्या, पंचावन्नच्या आसपासच्या, उंच आणि सडपातळ. मळवलीला लोकल पकडून कान्ह्याला उतरायच्या आणि तिथून चालत यायच्या. मी लोणावळ्याहून विद्यापीठाच्या बसने. आमच्या बसमध्ये ठेकेदाराच्या माणसांना बसू देत नसत. त्याचं मला तेव्हा काही वाटत नव्हतं, हेही सांगून टाकते. मावशी चौथीपर्यंत शिकलेल्या. मराठी सावकाश वाचायच्या, इंग्रजी अजिबात नाही.

मी रोज दोन-तीन पुस्तकं वाचत होते. वाचत होते म्हणजे पात्रांच्या तोंडाशी काढलेल्या फुग्यांमधली वाक्यं वाचून पान उलटत होते. अर्ध्या तासात पुस्तक संपायचं. वहीत त्याच्या नावापुढे 'बरं' किंवा 'साधारण' लिहायचं. तिसऱ्या दिवशी सगळीच पुस्तकं बरी आणि साधारण झाली होती.

एका दुपारी मी जेवून आले तर मावशी खोक्याशेजारी जमिनीवर बसून एक पुस्तक बघत होत्या. फडकं मांडीवर तसंच पडलेलं. मला पाहून उठायला लागल्या. मी बसा म्हटलं, आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, कसं आहे. ते पुस्तक मी सकाळीच संपवलं होतं. एका बाईची आई आजारी पडते, बाई नोकरी सोडून तिचं सगळं करते, शेवटी आई जाते. त्याच्यापुढे मी 'साधारण' लिहिलं होतं.

"ह्या बाईला आई नकोशी झालीया," मावशी म्हणाल्या. "पर ती सोताला बी सांगंना."

मी म्हटलं, असं कुठेही लिहिलेलं नाही. उलट ती सारखी आईची चौकशी करते.

"लिवलेलं मला कुटं वाचता येतंय? हे बगा."

त्यांनी पुस्तक माझ्यापुढे धरलं आणि बोट ठेवत पानं उलटली. पहिल्या पानावर आईची खुर्ची खिडकीत होती. दहाएक पानांनी ती टेबलाच्या पलीकडे गेली. मग भिंतीला लागली, मग दाराआड. शेवटी शेवटी चौकटीच्या कडेला खुर्चीचा एक पाय तेवढा दिसत होता. खुर्ची कोण हलवतं ते एकाही चित्रात नव्हतं. घरात दोघीच होत्या, आणि त्यांतली एक अंथरुणाला खिळलेली.

मी ते पुस्तक घेऊन टेबलाशी गेले आणि पहिल्या पानापासून पुन्हा पाहिलं. या वेळी दीड तास लागला.

नंतर मी विचारलं, की हे तुमच्या लक्षात कसं आलं. मावशींना त्यात विशेष वाटलं नाही. इथे येण्याआधी बरीच वर्षं त्या मळवलीला बंगले झाडायच्या. मालक लोक शनिवार-रविवार राहून गेले की सोमवारी ह्या जायच्या. माणसं कधी दिसायची नाहीत, पण खोलीवरून सगळं कळायचं, म्हणाल्या. कोण भांडलं, कोण वेगळ्या खोलीत झोपलं, कुणाला घरी परत जायचं नव्हतं.

तेव्हापासून आमचा एक परिपाठ झाला. दुपारी जेवण झालं की मागच्या खोलीत अर्धा-पाऊण तास. मी पुस्तकातलं बोलणं मराठीत सांगायची, मावशी चित्रांत काय चाललंय ते सांगायच्या. पुष्कळदा दोन्ही गोष्टी वेगळ्या निघायच्या, आणि ते पुस्तक चांगलं असायचं. दोन्ही अगदी एकच निघाल्या, की मावशी पुस्तक मिटायच्या आणि परतीच्या खोक्यात ठेवायच्या. मी हसायची, पण बहुतेक वेळा ते तिथेच राहू द्यायची. माझ्या नोकरीतले ते सगळ्यांत आनंदाचे दोन महिने होते. त्यांचं बोलणं मी वहीत लिहून घ्यायची. शुद्ध मराठीत, माझ्या अक्षरात, आणि कुणाचं ते न लिहिता.

एक पुस्तक आपल्याकडच्याच एका खेड्यावरचं होतं. कागद सुरेख, रंग सुरेख, मागच्या पुठ्ठ्यावर बक्षिसांची रांग. मी ते आधीच घेण्याच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं. मावशींनी ते बराच वेळ पाहिलं. लय देखणं आहे, म्हणाल्या. मग म्हणाल्या, "बापयांची तोंडं येगयेगळी हायेत. बायांचं समद्यांचं एकच. हितं आमी असतो, तर आमाला आमी सापडलो नसतो."

मी पान उघडून पाहिलं. पाणवठ्यावर सात बाया होत्या आणि सातही जणींचा चेहरा एकच होता. साड्यांचे रंग तेवढे निराळे.

ग्रंथालय समितीची बैठक झाली. ते पुस्तक यादीत का नाही, असं प्रमुखांनी विचारलं, कारण त्यांनी त्याचं नाव ऐकलं होतं. मी म्हटलं, "या चित्रकाराने पुरुषांना चेहरे दिलेत आणि बायकांना फक्त साड्या." प्रमुखांनी पेन खाली ठेवलं. मग मी खुर्चीच्या पुस्तकाबद्दल बोलले. माझं बोलून झालं तेव्हा प्रमुख म्हणाले, "मॅडम, ही नजर तुम्ही कुठून आणलीत?"

सांगायला वाक्य एकच लागलं असतं. मी हसले आणि पाण्याचा ग्लास उचलला. त्या हसण्याचा तेव्हा मला फारसा त्रासही झाला नाही. मनाशी म्हटलं, निवड शेवटी मीच केली, सही माझी आहे, आणि मावशींना या सगळ्याशी काय देणंघेणं.

कपाट दुसऱ्या मजल्यावर लागलं. मुलं जमिनीवर फतकल मारून वाचत बसायला लागली. हिवाळ्यात आसपासच्या कॉलेजांच्या ग्रंथपालांचा एक चर्चासत्राचा दिवस आमच्याकडे ठरला आणि प्रमुखांनी मला बोलायला सांगितलं. विषय हाच, चित्रकादंबऱ्यांची निवड. मी पानांचे फोटो पडद्यावर दाखवत इंग्रजीत बोलले. खुर्ची दाखवली, पाणवठ्यावरच्या बाया दाखवल्या. दोन्ही वेळा सभागृहात अशी शांतता झाली, जशी माझ्या बोलण्याने कधीच होत नाही.

त्या दिवशी सभागृहात खुर्च्या लावायला आणि चहाला मावशींनाही बोलावलं होतं. त्या मागच्या दारापाशी उभ्या होत्या. हे मला पाहुणे उठले तेव्हा कळलं. त्या कप गोळा करत माझ्याजवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, पडद्यावर ते खुर्चीचं पान व्हतं. माजं बोलनं सांगत व्हता का?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बहुतेक आनंदच होता. प्रमुख आमच्यापासून दोन पावलांवर कुणाशी तरी बोलत उभे होते.

मी म्हटलं, "नाही हो मावशी, पुस्तकांबद्दलच सांगत होते."

"व्हय का," त्या म्हणाल्या आणि ट्रे घेऊन पुढे गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मागच्या खोलीत गेले तर मावशी पुस्तकं पुसत होत्या. मी एक पुस्तक उघडून पुढे केलं. त्यांनी ते पुसलं, मिटलं आणि गठ्ठ्यावर ठेवलं. चार-पाच दिवस मी असंच काही काही विचारत राहिले. उत्तरं यायची ती दोन शब्दांची. बरं हाय. चांगलं हाय. माझ्या वहीतल्या शेऱ्यांसारखीच. मग मीही विचारायचं सोडलं. खरं बोलायचं सोडून मी त्यांच्या अबोल्यावर थोडी रागावलेही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ठेकेदार बदलला. नव्या नियमात ग्रंथालयातला मदतनीस दहावी पास हवा होता. कार्यालयातून मला फोन आला. बोलणाऱ्या बाई भल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्याकडच्या मावशी ग्रंथालयाचं असं काही वेगळं काम करतात का? करत असतील तर चार ओळी लेखी पाठवा, त्यांना तिथेच ठेवता येईल. नाहीतर मुलींच्या वसतिगृहात पाठवावं लागेल.

चार ओळींत मी काय लिहिणार होते ते मला लगेच दिसलं. ते पत्र कुणाकुणाच्या हाती जाईल तेही दिसलं. मी म्हटलं, "नाही. झाडलोट, पुसणं, एवढंच."

फोन दोन मिनिटांत आटोपला. आजवर कुणाच्या तोंडावर मी कठोर बोलले असेन, चुकीचं वागले असेन, पण त्या दोन मिनिटांइतकं वाईट मी काही केलेलं नाही.

मावशी वसतिगृहात गेल्या. चार मजले, बादल्या, जिने. ग्रंथालयाच्या खिडकीतून वसतिगृहाचं दार दिसतं. मी त्या बाजूला बसायचं टाळू लागले. दिवाळीनंतर कुणीतरी म्हणालं, की गुडघ्यांमुळे त्यांनी काम सोडलं.

पुढच्या खेपेला खोकी आली तेव्हा मी एकटीच होते. चित्रं बघायला शिकले होते असं मला वाटत होतं, पण मला तेवढंच दिसायचं जे एकदा कुणी दाखवून दिलेलं होतं. प्रत्येक पुस्तकात मी खुर्च्या शोधत बसायची. यादी केली, समितीने ती मंजूरही केली. प्रमुख सौजन्याने एवढंच म्हणाले, की या वेळी जरा ओळखीचीच पुस्तकं आलीत.

त्या आठवड्यात मी मळवलीला उतरले. मावशी आता एका बंगल्याची देखभाल करतात, मागच्या खोलीत राहतात, हे मी विचारून घेतलं होतं. भात कापून झालेलं, रस्त्याच्या दोन्ही अंगांना नुसती खुंटं. मावशी अंगणात वालाच्या शेंगा सोलत होत्या. मला पाहून दचकल्या नाहीत. शेंगांची परडी उचलून मला आत नेलं. खोली छोटी आणि लख्ख. भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, त्याखाली बुद्धाची लहानशी मूर्ती आणि एक कॅलेंडर.

मी वाटेत जुळवलेलं सगळं बोलून टाकलं. चर्चासत्रात तुमचंच बोलणं सांगत होते, बैठकीतही तेच सांगितलं, आणि तुम्हाला खोटं बोलले.

"मला तवाच कळलं व्हतं," मावशी म्हणाल्या. "तुमी माज्याकडं बगून न्हाई बोलला. कपांकडं बगत बोलला."

मी माफी मागितली. त्यांनी हातातली शेंग सोलून पुरी केली.

"त्याचा राग न्हाई मॅडम. माजं बोलनं मला कुटं न्यायचं व्हतं? पर ठेकेदाराच्या सुपरवायझरनं मला सांगितलं. तुमच्या मॅडमला इचारलं, त्या न्हाई म्हनल्या." मग पहिल्यांदाच सरळ माझ्याकडे पाहिलं. "तितं तुमी एक शबुद टाकायचा व्हता."

फोनचं त्यांना ठाऊक असेल असं माझ्या स्वप्नातही नव्हतं. माझ्या कबुलीत तो नव्हताच. तो मी गाळून आले होते. मावशींनी चहा केला. मी म्हटलं, आता लेखी देते, परत या. त्या नको म्हणाल्या. इथली मालकीण बरी आहे, जिने नाहीत, आणि तिथे आता मन लागायचं नाही.

पुढच्या बैठकीत मी समितीला सगळं सांगितलं, फोनसकट. प्रमुख टेबलाकडे पाहत राहिले. मग एका सदस्याने सुचवलं, की ही फार छान गोष्ट आहे, मावशींचा फोटो आणि नाव कपाटाजवळ लावू या, वेबसाइटवरही टाकू या. इतिवृत्तात एवढंच आलं, की ग्रंथपालांनी संग्रहाच्या निवडीविषयी माहिती दिली. मी ते दुरुस्त करून घेतलं. फोटोसाठी मावशींना फोन केला.

"फोटू नगं आन् नाव बी नगं," त्या म्हणाल्या. "तवा पायजे व्हतं."

मागच्या महिन्यात मी पुन्हा मळवलीला गेले होते. नवी खोकी आली आहेत, त्यांतली दोन पुस्तकं पिशवीत घातली होती. घरातून निघताना मी स्वतःला सांगितलं, की मावशींना आवडतील म्हणून नेते आहे. त्यांच्या दारात पोहोचेपर्यंत मला कळलं होतं, की मी ती त्यांच्याकडून निवडून घ्यायला नेली होती. मावशींनी पिशवीकडे एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. आम्ही त्यांच्या गुडघ्यांबद्दल बोललो, लेकीच्या सासरबद्दल बोललो. लोकलची वेळ झाली तशी त्यांनी कागदात बांधून थोडे वाल दिले. ते मी पिशवीतल्या पुस्तकांवर ठेवले आणि स्टेशनकडे निघाले.